मास्तरांचा खोकला

पॅंट पायांतून वर आली, मांड्यांशी जरा अडखळली, तिथून कशीबशी कमरेपर्यंत पोचली आणि थांबली. बटण एकीकडे, काज दुसरीकडे, आणि मधे चांगलं आठ बोटांचं अंतर. मालकांनी श्वास आत ओढला. अंतर सहा बोटांवर आलं. आणखी ओढला तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली, पण बटण काही काजाला भेटेना.

"अगं, ही पॅंट आकसली," मालक म्हणाले.

दारात मालकीणबाई उभ्या होत्या. एरवी त्या नवऱ्याच्या एका वाक्याला तीन वाक्यं परत करायच्या. आज नुसतं "हं" म्हणाल्या. मालकांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण ज्याला संध्याकाळी स्टेजवर चढायचंय आणि ज्याची पॅंट लागत नाही, त्याला बायकोच्या "हं"कडे बघायला कुठली आलीय फुरसत?

मालक म्हणजे शहरातल्या सगळ्यांत महागड्या कपड्यांच्या दुकानाचे मालक. फक्त पुरुषांचे कपडे, आणि तेही पैसा मुरलेल्या पुरुषांचे. दुकानात पाऊल टाकलं की पाय गालिच्यात रुतायचा, पाणी तबकातून यायचं, आणि किमतीची चिठ्ठी कॉलरच्या इतक्या आत लपवलेली असायची की ती सापडेपर्यंत गिऱ्हाईक कपड्याच्या प्रेमात पडून गेलेलं असायचं. हे सगळं मालकांनी स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. तरुणपणी ते पहारेकऱ्यांचे गणवेश विकणाऱ्या दुकानात कापडाचे तागे वाहायचे. पुढे धाडस करून स्वतःचं दुकान काढलं, तेव्हा शोकेसमध्ये उभा करायला पुतळाही परवडेना. म्हणून त्यांनी स्वतःच्या मापाचा एक राखाडी सूट शिवून घेतला, कोट, पॅंट आणि आतलं जाकीट असा अगदी साग्रसंगीत, आणि तो घालून स्वतःच दारात उभे राहिले. येणारे-जाणारे त्यांनाच पुतळा समजायचे. एका गृहस्थानं तर जवळ येऊन त्यांच्या कोटाची कॉलर बोटांत चोळून बघितली आणि "कापड बरंय" म्हणाला. "आत या, आणखी दाखवतो," असं पुतळाच बोलल्यावर तो केवढ्यांदा दचकला. पण दचकत का होईना, आत आला. ते पहिलं गिऱ्हाईक.

तोच सूट आज पलंगावर होता. म्हणजे कोट आणि जाकीट पलंगावर, आणि पॅंट मालकांच्या कमरेच्या अलीकडे.

आता हा सूट आज बाहेर का निघाला, तर त्याचं कारण मालकांची जीभ. व्यापारी मंडळानं त्यांचा जाहीर सत्कार ठरवला. मंडळाचे चिटणीस घरी आमंत्रण द्यायला आले आणि सहज बोलून गेले की एवढ्या वर्षांत दुकान केवढं वाढलं हो. त्यावर मालकांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. "दुकान वाढलं, पण कंबर नाही वाढली," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी चौतीस होती, आजही चौतीस आहे. म्हणाल तर तोच सूट घालून येतो."

चिटणीस हा उत्साही माणूस. त्याला माइक दिसला की चैन पडत नसे, आणि बोलायला विषय मिळाला की झोप येत नसे. त्यानं ही गोष्ट गावभर केली. कुठून तरी तो दारात पुतळा होऊन उभं राहिल्याचा जुना फोटो मिळवला, माणसाच्या उंचीएवढा मोठा करून घेतला आणि सभागृहाच्या दाराशी लावला. खाली लिहिलं, 'तेव्हाचे आणि आजचे.' आता दुसरा सूट घालून जायचं म्हणजे त्या फोटोच्या शेजारी उभं राहून सगळ्या गावाला तोंड दाखवायचं.

"धुतलीस का तू ही?" मालकांनी विचारलं.

पॅंटला आपण हातसुद्धा लावलेला नाही, असं मालकीणबाईंनी सांगितलं. ती कपाटात डांबराच्या गोळ्यांत पडून होती. मग मालक पलंगावर उताणे झाले, कारण आडवं झालं की पोट सपाट होतं असा त्यांचा अनुभव होता, म्हणजे गिऱ्हाइकांच्या पोटांचा. पोट सपाट झालं खरं, पण ते कुठे गेलं नाही, नुसतं आजूबाजूला पसरलं. मालकीणबाईंनी हळूच दुसरा एखादा सूट घालण्याचं सुचवलं. मालकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या पुन्हा दारात जाऊन उभ्या राहिल्या.

मालकांच्या कपाळावर घाम आला. खरं तर लोकर न धुता आकसत नाही हे त्यांच्याइतकं कोण जाणत होतं? मग झालं काय? त्यांनी रोजच्या वापरातली पॅंट खुंटीवरून काढली. कमरेच्या आत शिवलेली बारीकशी पट्टी बघितली. चौतीस. जुन्या पॅंटची पट्टी बघितली. चौतीस. दोन्ही पलंगावर एकावर एक पसरल्या. खालची पॅंट वरचीच्या दोन्ही बाजूंनी खुशाल बाहेर डोकावत होती.

दोन चौतिसांत एवढा फरक! अर्थ उघड होता. मास्तरांची नजर गेली. दुकानाचे कटर मास्तर, पहिल्या सुटापासूनचे सोबती, आता म्हातारे झाले आणि त्यांना आकडे दिसेनासे झाले. गेली किती वर्षं ते चौतीसच्या नावाखाली भलतंच काहीतरी कापत आलेत देव जाणे. म्हणजे गावातल्या अर्ध्या बड्या लोकांच्या अंगावर चुकीच्या मापाच्या पॅंटी!

"मी दुकानात चाललो," दोन्ही पॅंटी बगलेत मारून मालक म्हणाले.

"मीही येते," मालकीणबाई म्हणाल्या. मात्र निघण्याआधी त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि कुणाला तरी फोन करून दोनच वाक्यं बोलल्या. "निघालेत. दोन्ही पॅंटी घेऊन."

रस्ताभर मालकांच्या मनात नाही नाही ते विचार. सत्कार राहिला बाजूला, दुकानच बुडतं की काय ही धास्ती. कारण त्या दुकानाचं एक गुपित होतं, आणि ते मालक, मास्तर आणि मालकीणबाई या तिघांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. दुकान नवं असताना एक गृहस्थ बायकोला घेऊन सूट शिवायला आले. मालकांनी टेप लावली आणि मोठ्यानं खणखणीत सांगितलं, "बेचाळीस." बायको खुदकन हसली. गृहस्थांनी शांतपणे बूट घातले आणि ते निघून गेले. परत कधी दुकानाची पायरी चढले नाहीत. त्या दिवशी मालकांनी ठरवलं, माझ्या दुकानात कुणाची कंबर वाढणार नाही. तेव्हापासून माप घेताना ते गिऱ्हाइकाला मानवेल असा आकडा मोठ्यानं सांगायचे आणि मग खोकायचे. एक खोकला म्हणजे दोन इंच. मागच्या खोलीच्या पडद्याआड बसलेले मास्तर खोकले मोजायचे, कापड खऱ्या मापाचं कापायचे आणि आत पट्टी मात्र खोट्या आकड्याची शिवायचे. गिऱ्हाईक पट्टी बघायचं, आरशात बघायचं आणि ताठ मानेनं बाहेर पडायचं. एखाद्यानं शंका घेतलीच, "नीट बघा, वाढली असेल," असं म्हटलंच, तर मालक पुन्हा टेप लावायचे, चष्मा पुसायचे आणि आधीच्या आकड्यातून अर्धा इंच आणखी कमी करायचे. वर शेवटचा खोकला जरा लांबवायचे.

गावातले डॉक्टर, वकील, कारखानदार, सगळे या खोकल्यावर तरले होते. आज संध्याकाळी ते सगळे सभागृहात असणार होते, या दुकानाच्या पॅंटीत बसलेले. आणि ज्यानं त्यांची मापं घेतली त्यालाच स्वतःचं माप ठाऊक नाही असं उघड झालं, तर? घरी गेल्या गेल्या प्रत्येक जण टेप शोधणार. मग उरलं काय? झाकली मूठ उघडली की तिच्यात काय निघतं ते मालकांना चांगलं माहीत होतं.

मास्तर दुकानाच्या मागच्या खोलीत दारापाशीच उभे होते. शिंप्याला उभं राहून वाट बघायची सवय नसते, हेही मालकांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी दोन्ही पॅंटी कापायच्या टेबलावर टाकल्या.

"मास्तर, ही पण चौतीस, ती पण चौतीस. यातली खोटी कुठली?"

मास्तरांनी मालकीणबाईंकडे बघितलं. मालकीणबाईंनी छताकडे बघितलं.

मालकांनी मग बाहेरच्या दालनातून तयार कपड्यांतली एक चौतीसची पॅंट आणली. या पॅंटी बाहेरून शिवून यायच्या, त्यामुळे मास्तरांच्या नजरेचा त्यांच्याशी संबंध नव्हता. ती त्यांनी टेबलावर ठेवली. ती जुन्या पॅंटशी तंतोतंत जुळली. रोजची पॅंट बिचारी एकटी पडली. मालकांनी टेप उचलली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या धंद्यात स्वतःचं माप स्वतः घेत नाहीत. मान खाली घातली की पोट हलतं, हात वळवला की टेप तिरकी होते. त्यामुळे जन्मभर दुसऱ्यांच्या कमरा मोजलेल्या मालकांनी स्वतःच्या कमरेला स्वतः कधी टेप लावली नव्हती. ते काम मास्तरांचं. शिवाय मालक पट्टाही वापरत नसत. पट्टा म्हणजे ज्याची पॅंट मापात नाही त्याचं लक्षण, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. त्यामुळे पट्ट्याची भोकं पुढे पुढे सरकताना बघायची संधीही त्यांना मिळाली नव्हती.

त्यांनी टेप गुंडाळली, मान वाकवली आणि आकडा बघितला. मग टेप उलटी करून बघितला. मग खुर्चीत बसले.

"चाळीस," ते म्हणाले.

"मास्तर, तुम्ही मला दर वेळी चौतीस सांगत होता."

"सांगत होतो," मास्तर म्हणाले. "आणि तीनदा खोकत होतो."

मालकांच्या डोळ्यांसमोरून सगळी वर्षं सरकली. खरंच की. त्यांचं माप घेताना मास्तर दर वेळी खोकायचे. सुरुवातीला एकदा, मग दोनदा, अलीकडे तीनदा. मालकांना त्यांची काळजी वाटायची. म्हाताऱ्या माणसाची छाती जपायला हवी म्हणून त्यांनी स्वतः जाऊन मास्तरांना खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आणून दिल्या होत्या. त्या सगळ्या इथेच, शिवणयंत्राच्या मागे, न फोडलेल्या रांगेत उभ्या होत्या.

"पण खोकलात कशाला? पडद्याआड तर तुम्हीच असता. ऐकणारं होतं कोण?"

"मीच," मास्तर ओशाळून म्हणाले. "न खोकता खरं माप डोक्यात राहतच नाही हो आता."

मालक चिडले. गिऱ्हाइकाला फसवावं हे ठीक, तो व्यवहार आहे, पण घरच्या माणसाला? त्यांनी मास्तरांना बरंच सुनावलं, विश्वासघात वगैरे मोठे शब्द वापरले. मास्तर खाली मान घालून ऐकत होते. शेवटी मालकीणबाईंनाच राहवलं नाही.

"त्यांना का बोलता? मी सांगितलं होतं त्यांना. समोर ते मोठं दुकान निघालं होतं, आठवतंय? तुमची गिऱ्हाइकं तिकडे चालली होती. तुम्ही जेवत नव्हता, बोलत नव्हता. मास्तरांसमोर मापाला उभे राहिलात आणि म्हणालात, दुकान ढिलं पडलं तरी चालेल मास्तर, मी ढिला पडलेलो नाही ना तेवढं बघा. टेपवर छत्तीस होतं. काय सांगायचं होतं त्यांनी तुम्हाला?"

मालकांनी हातातली टेप टेबलावर ठेवली. तो दिवस त्यांना आठवत होता. चौतीस ऐकून त्या दिवशी ते उठले होते, शोकेस नवी केली होती आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या दारात स्वतः जाऊन उभे राहिले होते. त्या एका आकड्यावर त्यांनी दुकान पुन्हा उभं केलं होतं, आणि तो आकडा खोटा होता. पण हळवं व्हायला आत्ता वेळ नव्हता. संध्याकाळ होत आली होती आणि सूट अजून लागत नव्हता.

मास्तर कामाला लागले. चांगल्या कपड्यात शिवणीच्या आत जास्तीचं कापड दाबून ठेवलेलं असतं, शिंपी त्याला माया म्हणतात. मास्तरांनी त्या काळी भरपूर माया सोडली होती. पॅंटची मागची शिवण उसवली, कोटाची पाठ उसवली, कोटाखाली झाकल्या जाणाऱ्या जाकिटाची पाठ सरळ चिरली, होती नव्हती ती सगळी माया बाहेर काढली. तरी दोन बोटं कमीच पडली. आता मधे तुकडा लावणं आलं. पण कुठला? दुकानात उंची कापडाचे तागेच्या तागे पडले होते, पण सगळे नवे आणि चकचकीत. हा जुना, विटका राखाडी रंग त्यांत कुठेच मिळेना. मालक एकेक ताग्याला सूट लावून बघत होते आणि त्यांचं अवसान गळत चाललं होतं.

"तो कसा वाटतो?" मालकीणबाईंनी बोट दाखवलं.

ट्रायल रूमचा पडदा. खिडकीतल्या उन्हानं विटून विटून तो नेमका त्याच रंगाचा झाला होता. मालकांनी डोळे मिटले. ज्या पडद्याआड गावातल्या प्रतिष्ठित मंडळींनी आपली पोटं आत ओढली होती, तोच आता त्यांच्या पाठीवर आणि पाठीच्या खाली बसणार होता. पण अडला हरी म्हणतात ते खोटं नाही. "कापा," ते म्हणाले.

मास्तरांनी पडद्यातून दोन पाचरी कापल्या, एक पॅंटच्या मागे बसवली, एक कोटाच्या पाठीत, आणि आधी नीट बसतंय का बघायला म्हणून पांढऱ्या दोऱ्यानं कच्चे टाके घातले. मालकांनी सूट चढवला. बटण काजात गेलं. समोरून बघाल तर थेट फोटोतला माणूस, केस तेवढे पिकलेले. मास्तर आता कच्चे टाके काढून पक्की शिलाई मारणार, तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि चिटणीस आत आला. प्रमुख पाहुणे आले होते, सभागृह भरलं होतं, आता क्षणभरही थांबायचं नव्हतं. मालकांना बघून त्याचा ऊर भरून आला. "वा, वा, अगदी जसेच्या तसे," तो म्हणाला आणि पाठ बघायला मालकांच्या मागे जायला लागला. मालकांनी चटकन भिंत गाठली.

निघताना मास्तर कानाशी लागले. "मालक, वाकू नका. हात खांद्याच्या वर नेऊ नका. आणि काही झालं तरी पाठ दाखवू नका. टाके कच्चे आहेत आणि पांढरे आहेत."

मालक सभागृहात शिरले ते भिंतीला पाठ लावून, तिरके तिरके. भिंत संपली तिथून मालकीणबाई त्यांच्या मागे सावलीसारख्या चिकटून. लोकांना वाटलं, वय झालं तरी काय प्रेम आहे! दाराशी तो फोटो होता. त्याच्या शेजारी उभं राहून मालकांनी आणखी फोटो काढून घेतले, समोरूनच. स्टेजच्या पायऱ्या त्यांनी खेकड्यासारख्या आडव्या चढल्या आणि खुर्चीच्या टोकावर असे बसले, जणू खुर्ची उधार आणलेली आहे.

शेजारच्या खुर्चीत प्रमुख पाहुणे होते. गिरणीवाले. गावातली कापडगिरणी त्यांची, देहही गिरणीला शोभेलसा, आणि मालकांचं सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत रुंद गिऱ्हाईक. मालकांच्या दुकानातलं त्यांचं माप अडतीस. खोकले तीन. त्यांनी मालकांशी हात मिळवला आणि बसता बसता त्यांची नजर मालकांच्या पाठीमागून एकदा खालपर्यंत फिरली. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. गिरणीवाल्याच्या नजरेतून कापडाचा जोड सुटतो थोडाच? पण गिरणीवाले काही बोलले नाहीत. समोर बघत राहिले.

भाषणं सुरू झाली. चिटणीसानं मालकांची सगळी कारकीर्द सांगितली, तागे वाहण्यापासून गालिच्यापर्यंत. मालकांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते हळूहळू श्वास घेत होते, आणि सोडताना जपून सोडत होते. पहिल्या रांगेत डॉक्टर बसले होते, छत्तीस, दोन खोकले. त्यांच्या शेजारी वकील, चौतीस, चार खोकले. हे सगळे ताठ बसून, समाधानानं आपल्याकडे बघताहेत, आणि आपल्या पाठीवर ट्रायल रूमचा पडदा आहे. मालकांना रडावंसं वाटलं.

सन्मानचिन्ह हातात आलं, टाळ्या झाल्या, आणि आता सुटलो असं मालकांना वाटलं. पण चिटणीसाच्या हातात माइक होता.

"मंडळी," चिटणीस म्हणाला, "सूट समोरून तर आपण बघितला. पण खरा कट दिसतो तो पाठीला. मी मालकांना विनंती करतो, त्यांनी एकदा गोल फिरून दाखवावं."

सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. मालक हसले, मानेनं नको नको म्हणाले. लोकांना तो विनय वाटला आणि टाळ्या वाढल्या. पहिल्या रांगेत मालकीणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मालकांनी लोकांना आवरावं म्हणून हात वर केला, खांद्याच्या वर, आणि पाठीमागे बारीकसा आवाज झाला. टर्र.

मास्तरांनी एवढं सांगितलं होतं! मालक जागच्या जागी गोठले. थंड वाऱ्याची झुळूक पाठीला कुठे लागते आहे ते त्यांना अगदी अचूक कळत होतं.

तेवढ्यात शेजारची खुर्ची करकरली. गिरणीवाले उठले. दोन पावलांत ते मालकांच्या मागे येऊन उभे राहिले, आणि ते मागे उभे राहिल्यावर मालकांच्या मागचं काही म्हणजे काही दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी आपला भलाथोरला हात मालकांच्या खांद्यांवरून टाकला.

"आमच्या मित्राला एकट्याला कशाला फिरवता?" ते माइकवर म्हणाले. "आम्ही दोघं फिरतो."

आणि ते दोघं फिरले. हळूहळू, एकमेकांना चिकटून, मोठं कपाट भिंतीपासून सरकवावं तसे. फिरताना सभागृहाला जी पाठ दिसली ती गिरणीवाल्यांची. लोक खदखदून हसले, उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. त्या गोंगाटात गिरणीवाले मालकांच्या कानात बोलले.

"टाका तुटला ना?"

"तुम्हाला ऐकू आला?"

"तो आवाज मला पाठ आहे. तुमच्याकडे शिवायला लागलो त्याआधी जन्मभर तोच ऐकत होतो. पडदा छान जुळलाय रंगाला."

मालकांनी चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून आणखी एक पाऊल सरकवलं.

"मालक, माझी कंबर किती?"

"अडतीस," मालक सवयीनं म्हणाले. खोकला मात्र त्यांनी गिळला.

"माझी मुलगी घरी शिवण शिकायची. तिनं एकदा मोजली. चव्वेचाळीस. बरीच वर्षं झाली त्याला."

"मग बोलला नाहीत ते?"

"अडतीस म्हणताना तुमचा चेहरा इतका खुलतो, म्हटलं कशाला यांचं मन मोडा." गिरणीवाल्यांनी खांदा दाबला. "आणि खरं सांगू? ज्या दिवशी तुम्ही अडतीस म्हणता ना, त्या दिवशी मला जिना चढताना धाप लागत नाही. या समोरच्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. डॉक्टर तर स्वतः डॉक्टर आहेत. सगळे एकमेकांना सांगतात, त्या मालकांना कळू देऊ नका, वाईट वाटेल बिचाऱ्यांना."

मालकांनी समोर बघितलं. डॉक्टर टाळ्या वाजवत होते. वकील टाळ्या वाजवत होते. सगळी गुबगुबीत, प्रतिष्ठित मंडळी उभी राहून प्रेमानं आपल्याकडे बघते आहे, आणि आपण इतकी वर्षं समजत होतो की आपण यांना सांभाळतोय. मालकांचे डोळे भरून आले. पुसायला हात वर न्यावा लागला असता, म्हणून त्यांनी ते तसेच वाहू दिले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा मास्तर आधीच येऊन बसले होते. ट्रायल रूमला पडदा नव्हता. मास्तर जरा धास्तावलेले होते. आता मालक काय ठरवतात? खोकला बंद? सगळ्या पट्ट्या उसवायच्या आणि खरे आकडे शिवायचे? त्यांनी रात्रभर विचार केला होता आणि त्यांना काही सुचलं नव्हतं. मालकीणबाईही घरकाम तसंच टाकून दुकानात येऊन बसल्या होत्या, मासिक हातात, डोळे नवऱ्यावर.

मालकांनी कोट काढून ठेवला. मास्तरांसमोर येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात जरा बाजूला केले.

"मास्तर, माप घ्या. नवा सूट शिवायचाय."

मास्तरांनी टेप उचलली. त्यांनी टेप कमरेला गुंडाळली, आकडा बघितला, मालकांच्या तोंडाकडे बघितलं, मालकीणबाईंकडे बघितलं. मालकीणबाईंनी मासिकाचं पान उलटलं.

"चौतीस," मास्तर हळूच म्हणाले.

मालकांनी पडदा नसलेल्या ट्रायल रूमकडे बघितलं. मग म्हणाले, "नीट बघा मास्तर. वाढली असेल."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. टेप पुन्हा गुंडाळली.

"माफ करा मालक," ते म्हणाले. "साडेतेहतीस." आणि तोंड बाजूला वळवून ते खोकले, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

मालकांनी ताठ होऊन आरशात बघितलं. चेहरा कसा खुलला होता!

"जपा हो मास्तर," ते म्हणाले. "खोकला वाढलाय तुमचा."